चाकाची निवड : बैलगाडीपासून स्केटबोर्डपर्यंत

प्रास्ताविक

चाक ही मानवी बुद्धीची फार मोठी देणगी आहे, हे आपण प्राथमिक शाळेपासून वाचत आलो आहोत. परंतु कोणत्या वाटेसाठी कोणते चाक घ्यावे, हा प्रश्न क्रमिक पुस्तकांत सहसा येत नाही. तो सुताराच्या अंगणात येतो, शेतकऱ्याच्या खळ्यावर येतो आणि अलीकडे आपल्या भागातील मुलांच्या खेळातही येऊ लागला आहे. स्केटबोर्ड आणि लाँगबोर्ड यांची चाके कशी निवडावीत, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. मी सुताराच्या घरातला असल्यामुळे या परक्या वाटणाऱ्या विषयाकडे बैलगाडीच्या बाजूने पाहणार आहे. तसे केल्याने विषय सोपा होतो, असा माझा अनुभव आहे.

आपल्या भोकरदनला चाकाचे नाते नवे नाही. केळना नदीकाठचे हे गाव म्हणजे प्राचीन भोगवर्धन. प्रतिष्ठानहून, म्हणजे आजच्या पैठणहून, उज्जयिनीकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गावरील ही एक पेठ होती. १९७३ साली नागपूर व मराठवाडा विद्यापीठांच्या वतीने डॉ. शां. भा. देव आणि डॉ. र. शं. गुप्ते यांनी येथे उत्खनन केले. त्यात मिळालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतील पाँपेई येथे १९३८ साली सापडलेल्या मूर्तीशी साम्य दाखविते. इतक्या दूरच्या व्यापाराशी नाते सांगणाऱ्या या गावात मालाच्या वाहतुकीचा, वाटेचा आणि म्हणून चाकाचा विचार फार पूर्वीपासून होत आला असला पाहिजे.

खेळाची ओळख

ज्यांनी हे साधन पाहिलेले नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्केटबोर्ड म्हणजे सुमारे ३१-३२ इंच लांब आणि ८ इंच रुंद अशी, दोन्ही टोकांना वर वळलेली लाकडी फळी. तिच्याखाली पुढे व मागे धातूचा एकेक आस असतो. या आसाच्या जोडणीला खेळात ‘ट्रक’ म्हणतात. मालवाहू ट्रकशी तिचा संबंध नाही. प्रत्येक आसाला दोन, अशी एकूण चार चाके असतात. लाँगबोर्डची फळी अधिक लांब असते आणि ती उड्या मारण्यापेक्षा अंतर कापण्यासाठी व वळणे घेण्यासाठी वापरतात.

आरंभी या फळ्यांना लोखंडी चाके असत. १९६० च्या दशकात मातीसारख्या मिश्रणाची कडक, ठिसूळ चाके आली. दोन्हींचा दोष एकच होता. रस्त्यात बारीकसा खडा आला की चाक जागीच अडे आणि स्वार पुढे फेकला जाई. १९३७ साली जर्मनीत ऑटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलियुरेथेन हा पदार्थ शोधला होता. १९७० च्या दशकाच्या आरंभी फ्रँक नॅसवर्दी या अमेरिकन तरुणाने त्याची चाके स्केटबोर्डला बसवून विकावयास आणली आणि खेळाचे रूपच पालटले. टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, या खेळाला प्रथमच स्थान मिळाले. २०२२ साली गुजरातमध्ये झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत महाराष्ट्राच्या श्रद्धा गायकवाड हिने स्केटबोर्डिंगचे सुवर्णपदक मिळविले. तेव्हा हा खेळ आता केवळ परदेशी मुलांचा राहिलेला नाही.

चाकाची निवड करताना मुख्यतः तीन गोष्टी पाहाव्या लागतात : व्यास, कठीणपणा आणि रुंदी. त्यांचा क्रमाने विचार करू.

१. व्यास

स्केटबोर्डच्या चाकाचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतात. तो साधारण ५० पासून ६० मि.मी. पर्यंत असतो. लाँगबोर्डची चाके ६५ ते ७५ मि.मी. आणि लांब पल्ल्यासाठी त्याहूनही मोठी असतात. आपल्या लाकडी बैलगाडीचे चाक याच्या वीसपट, म्हणजे सुमारे १४०० मि.मी. व्यासाचे असते. इतके मोठे चाक सुतार हौसेने करीत नाही. त्यामागे गणित आहे.

समजा, वाटेत हरभऱ्याच्या दाण्याएवढा, म्हणजे ८ मि.मी. उंचीचा खडा आहे. उभे असलेले कडक चाक आडव्या ओढीने त्यावर चढवावयाचे आहे. भूमितीने हिशेब केला, तर ५२ मि.मी. व्यासाच्या चाकाला त्यावरील भाराच्या १०४ टक्के ओढ लागते. म्हणजे भाराहूनही जास्त! ७० मि.मी. चाकाला ८२ टक्के, १०० मि.मी. चाकाला ६५ टक्के, तर बैलगाडीच्या चाकाला अवघी १५ टक्के ओढ पुरते. खडा तोच, भार तोच. फरक केवळ व्यासाचा. चालत्या चाकाला वेगाचा जोर असतो, म्हणून ते अशा खड्यावरून निघून जाऊ शकते. पण त्यात वेगाचा काही भाग खर्ची पडतोच, आणि वेग अपुरा असेल तर चाक अडते.

दुसरा हिशेब फेऱ्यांचा. एक किलोमीटर जाण्यास ५२ मि.मी. चाकाला सुमारे ६,१०० फेरे घ्यावे लागतात, ७० मि.मी. चाकाला सुमारे ४,५५०, आणि बैलगाडीच्या चाकाला २२७. जितके फेरे अधिक, तितकी चाकाची आणि आतील बेअरिंगची झीज अधिक.

मग सर्वांनीच मोठे चाक का घेऊ नये? कारण मोठे चाक जड असते, त्याला वेग घ्यायला वेळ लागतो आणि त्यामुळे फळी जमिनीपासून उंच जाते. जो खेळाडू फळीसह उडी मारतो, ती हवेत फिरवितो, कठड्यावरून घसरत नेतो, त्याला हलकी व बुटकी फळी हवी असते. त्याला लहान चाकच सोयीचे. शंकरपटाचा छकडा जसा हलका करतात आणि कापसाची गाडी जशी भक्कम करतात, तसाच हा भेद आहे. शर्यत आणि वाहतूक ही दोन कामे एकच गाडी सारख्याच गुणाने करू शकत नाही.

२. कठीणपणा

चाकाचा कठीणपणा मोजण्यासाठी ‘शोअर ए’ नावाची मोजपट्टी वापरतात. एका उपकरणाचे बारीक टोक पदार्थात दाबून तो किती दबतो ते पाहतात आणि ० ते १०० मधला अंक देतात. मोटारीच्या टायरच्या रबराचा अंक साधारण ६० ते ७० असतो. लाँगबोर्डची मऊ चाके ७५ ए ते ८५ ए आणि स्केटबोर्डची कडक चाके ९५ ए ते १०१ ए या दरम्यान असतात. हे अंक चाकावरच छापलेले असतात. ‘५२ मि.मी., ९९ ए’ असे लिहिले असेल, तर पहिला अंक व्यासाचा आणि दुसरा कठीणपणाचा समजावा.

येथे बैलगाडीचा दाखला फार उपयोगी पडतो. जुन्या लाकडी चाकाला बाभळीचे आरे आणि बाहेरून लोखंडी धाव असे. धाव चढविणे हा पाहण्यासारखा प्रसंग असे. गोवऱ्यांच्या आगीत धाव तापवून लाल करावयाची, ती प्रसरण पावली की चाकावर बसवावयाची आणि लगेच पाणी ओतावयाचे. तापमान ४०० अंशांनी वाढले, तर सव्वाचार-साडेचार मीटर घेराची धाव जवळजवळ दोन सेंटिमीटरने वाढते. थंड होताना ती आवळली जाते आणि सारे आरे व पाटे एकमेकांत घट्ट बसतात. अशी धाव कठीण जमिनीवर हलकी चालते, कारण ती दबत नाही आणि दबण्यात शक्ती वाया जात नाही. पण प्रत्येक दगडाचा धक्का गाडीला आणि गाडीवानाला सोसावा लागतो. पुढे रबरी टायरची गाडी आली. तिचे चाक धावेच्या चाकाहून लहान असूनही ती खडबडीत वाटेवर सुखाने चालते, कारण दगड आला की टायर त्या जागी दबतो आणि सबंध गाडी उचलावी लागत नाही.

स्केटबोर्डच्या चाकालाही हाच नियम लागू होतो. गुळगुळीत सिमेंटवर किंवा घोटलेल्या फरशीवर कडक चाक वेगवान ठरते. तेच चाक खडबडीत डांबरी रस्त्यावर आणले, तर प्रत्येक खडीच्या टोकावर फळी आणि माणूस यांना वर उचलण्यात शक्ती जाते, पायांना मुंग्या येतात आणि वेग मरतो. मऊ चाक खडीचे टोक आपल्यात सामावून घेते. म्हणून ‘कडक चाक वेगवान की मऊ चाक वेगवान’ या प्रश्नाला रस्ता सांगितल्याखेरीज उत्तर नाही.

स्वाराचे वजनही लक्षात घ्यावे. ४० किलोच्या मुलाखाली जे चाक योग्य ठरते, ते ८० किलोच्या माणसाखाली जास्त दबून मंद चालते. जड माणसाने दोन-चार अंक कडक चाक घ्यावे. उष्णतेने पॉलियुरेथेन आणखी मऊ होते, हेही मराठवाड्याच्या उन्हाळ्यात विसरून चालणार नाही.

३. रुंदी आणि कड

चाकाचा जो पट्टा प्रत्यक्ष जमिनीला टेकतो, त्याची रुंदी महत्त्वाची असते. काळ्या रानात अरुंद धाव रुतते आणि रुंद टायर वरून निघून जातो, हे आपण दर पावसाळ्यात पाहतो. डांबरी रस्त्यावर रुतण्याचा प्रश्न नसतो; तेथे प्रश्न पकडीचा असतो. पदार्थविज्ञानात आपण शिकतो की घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून नसते. कठीण वस्तूंपुरते ते बरेचसे खरे आहे. पण रबर व पॉलियुरेथेन यांसारखे लवचिक पदार्थ जमिनीच्या खाचाखोचांत शिरून पकड घेतात, आणि तेथे पट्ट्याची रुंदी व चाकाचा मऊपणा यांनी फरक पडतो.

कडेचाही विचार करावा. चौकोनी, धारदार कडेचे चाक वळणावर रस्ता घट्ट धरते. गोल कडेचे चाक बाजूस सहज घसरते. नवख्याला घसरणे हा दोष वाटेल, परंतु लाँगबोर्डला हाताचा ब्रेक नसतो. उतारावर वेग कमी करण्याची एक रीत म्हणजे फळी आडवी करून चाके ठरवून घसरविणे. ज्याला हे शिकावयाचे आहे, त्याने धारदार कडेचे चाक घेतले, तर ते एकदम पकड घेऊन त्याला फेकून देईल.

४. प्रकारानुसार निवड

वरील तत्त्वांवरून निरनिराळ्या प्रकारांसाठी पुढीलप्रमाणे निवड करता येईल. हे आकडे मार्गदर्शक आहेत, त्यात थोडाफार फरक चालतो.

(अ) पायऱ्या, कठडे, सपाट फरशी यांवरील कसरती : व्यास ५० ते ५४ मि.मी., कठीणपणा ९७ ए ते १०१ ए.

(आ) सिमेंटचे खोलगट मैदान व चढउतार : व्यास ५४ ते ६० मि.मी., कठीणपणा ९५ ए ते ९९ ए. येथे वेग टिकवावयाचा असतो, म्हणून चाक थोडे मोठे.

(इ) गावातून सहज फेरफटका : व्यास ६० ते ७० मि.मी., कठीणपणा ७८ ए ते ८५ ए.

(ई) उतारावरील वेगवान धाव : व्यास सुमारे ७० ते ७५ मि.मी., कठीणपणा ७८ ए ते ८२ ए, रुंद पट्टा, धारदार कड. हा प्रकार जाणकाराच्या देखरेखीखाली आणि बंद रस्त्यावरच करावा.

(उ) ठरवून घसरण्याचा सराव : व्यास ६५ ते ७० मि.मी., कठीणपणा ८० ए ते ८६ ए, अरुंद पट्टा, गोल कड.

(ऊ) लांबचा पल्ला : व्यास ७५ मि.मी. व त्याहून अधिक, मऊ चाक.

५. आपल्या रस्त्यांचा विचार

हा विषय मी मासिकासाठी का निवडला, ते येथे सांगणे योग्य होईल. माझ्या धाकट्या भावाने सुट्टीत कापूस वेचून जमविलेल्या पैशांतून शहरातील एका दुकानातून स्केटबोर्ड आणला. त्याला ५२ मि.मी., ९९ ए ची चाके होती. ‘कडक चाक जास्त टिकते’ असे दुकानदाराने सांगितले होते. ते खोटे नव्हते, पण अपुरे होते. फळी कोठे चालविणार, हे त्याने विचारलेच नाही. शाळेच्या सिमेंटच्या ओट्यावर फळी उत्तम चालली. चौथ्या दिवशी भाऊ डांबरी रस्त्यावर गेला. वरची बारीक खडी सुटली होती. हरभऱ्याएवढा खडा चाकाखाली आला, फळी जागीच थांबली आणि तो पुढे पडला. उजव्या हाताचे मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर राहिले, तिमाही परीक्षा बुडाली, आणि घरात ‘हे खूळ बंद’ असा निकाल लागला.

आजोबांनी मात्र फळी हातात घेऊन चाके बोटाने फिरवून पाहिली. नखाने दाबून पाहिली. ‘लेकरा, हे चाक फरशीचं आहे. आधी रस्ता सांग, मग चाक सांगतो,’ एवढेच ते म्हणाले. आयुष्यभर गाड्या घडविणाऱ्या माणसाने स्केटबोर्ड पूर्वी कधी पाहिला नव्हता. तरीही त्यांनी नेमका दोष सांगितला. वर दिलेले गणित मी त्यानंतर मांडून पाहिले. त्यांचा अनुभव आणि आकडे तंतोतंत जुळले.

प्लास्टर निघाल्यावर आम्ही त्याच फळीला ६० मि.मी., ७८ ए ची चाके बसविली. केवळ व्यासाने फार फरक पडत नाही. हरभऱ्याएवढ्या खड्यासाठी लागणारी ओढ १०४ टक्क्यांवरून ९३ टक्क्यांवर येते. उरलेला लाभ मऊपणाचा आहे. खडा चाकात दबतो आणि फळी पुढे जाते. अर्थात कठड्यावरच्या कसरती आता तितक्या सफाईने होत नाहीत. काही मिळवावयाचे तर काही सोडावे लागते.

आपल्याकडे काळ्या मातीच्या फुगण्या-आकसण्याने रस्त्यांना भेगा जातात, कडेची खडी सुटते आणि ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातील ढेकळे रस्त्यावर येतात. अशा ठिकाणी शिकणाऱ्याने पहिली चाके ६० मि.मी. पेक्षा लहान आणि ८५ ए पेक्षा कडक घेऊ नयेत, असे माझे मत आहे. नवीन साधनच घ्यावयाचे असेल, तर ७० मि.मी. चाकांचा लाँगबोर्ड अधिक बरा. कडक चाकांसाठी घोटीव सिमेंटचे अंगण किंवा बास्केटबॉलचे मैदान शोधावे. रहदारीच्या रस्त्यावर कोणतेच चाक सुरक्षित नाही. शिरस्त्राण व मनगटाचे संरक्षक पट्टे हे चाकांइतकेच आवश्यक आहेत.

६. बसविताना घ्यावयाची काळजी

मोठे चाक बसविताना एक धोका असतो. वळताना फळी झुकते आणि चाकाला टेकते. टेकताच चाक थांबते आणि स्वार पडतो. म्हणून चाके बसविल्यावर एका कडेवर पूर्ण भार देऊन पाहावे. चाक टेकत असेल, तर फळी आणि आस यांच्यामध्ये जाड पट्टी घालून फळी उंच करावी. आम्ही ६ मि.मी. जाडीच्या पट्ट्या घातल्या.

बेअरिंगची चिंता करावी लागत नाही. बहुतेक सर्व स्केटबोर्ड, लाँगबोर्ड व रोलर स्केट यांना ‘६०८’ या एकाच मापाचे बेअरिंग चालते : आतील छिद्र ८ मि.मी., बाहेरील व्यास २२ मि.मी., जाडी ७ मि.मी. धूळ आणि पाणी हे त्याचे शत्रू होत. पावसात फळी नेऊ नये. बेअरिंग अडखळू लागले, तर द्रावकाने धुऊन, पूर्ण वाळवून, शिलाई यंत्राच्या तेलाचे एक-दोन थेंब सोडावेत. गाडीच्या आसाला वंगण घालण्याइतकेच हे नियमाने करावे.

चाके सर्व बाजूंनी सारखी झिजत नाहीत. म्हणून अधूनमधून पुढचे डावे चाक मागे उजवीकडे आणि पुढचे उजवे मागे डावीकडे, अशी तिरकी अदलाबदल करावी. खरेदी करताना चाक टणक फरशीवर थोड्या उंचीवरून सोडून पाहावे. चांगले पॉलियुरेथेन उसळी घेते, हलक्या प्लास्टिकचे चाक मंदपणे आपटते. केवळ रंग आणि चित्र पाहून चाक घेऊ नये.

समारोप

मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यात जनवार नावाचे खेडे आहे. तेथे २०१५ साली उलरिके राइनहार्ड या जर्मन महिलेच्या पुढाकाराने सिमेंटचे स्केटबोर्ड मैदान बांधले गेले आणि खेड्यातील मुले-मुली त्यावर तरबेज झाली. तेथे आधी पृष्ठभाग तयार झाला, म्हणून खेळाची साधने कामास आली. आपल्या तालुक्याच्या गावी असे एखादे छोटे मैदान झाले, तर हवेच आहे. ते होईपर्यंत आहे त्या रस्त्याला साजेल असे चाक निवडणे आपल्या हातात आहे.

या अभ्यासात मला आणखी एक गोष्ट जाणवली. ज्या प्रश्नांची उत्तरे शोअरच्या मोजपट्टीने आणि भूमितीने मिळतात, त्यांतील बरीचशी उत्तरे आपल्या सुतार-लोहारांना हाताच्या अंदाजाने ठाऊक होती. लाकडी चाके घडविणारे हात आता थोडेच उरले आहेत. आमच्या गावातील जुन्या कारागिरांना भेटून तुंबा, आरे, पाटे, धाव यांची मापे आणि ती तशी का ठेवीत याची कारणे लिहून घेण्याचे काम मी हाती घेतले आहे. ज्या विद्यार्थीमित्रांच्या घरी किंवा शेजारी असे कारागीर असतील, त्यांनीही आपापल्या गावची मापे उतरवून घ्यावीत. पुढील वार्षिकांकासाठी ती एकत्र करता येतील.